क्लब फुटबॉलचा खरा जगज्जेता कोण: चेल्सी की पीएसजी? आणि ही स्पर्धा हवीच का?

मध्यफळी | १८ डिसेंबर २०२५, सकाळी ८:१०

काल रात्री कतारमध्ये झालेली पॅरिसचा पीएसजी विरुद्ध ब्राझीलचा फ्लामेंगो, इंटरकॉन्टिनेंटल कपची (खंडांच्या विजेत्या क्लबांचा फिफाचा कप) फायनल कोणी पाहिली का? आपल्याकडे साडेदहाला सुरू झाली आणि संपेपर्यंत एक वाजून गेला. क्वारात्स्खेलियाने गोल केला, जॉर्जिन्योने पेनल्टीवर बरोबरी केली, जादा वेळेतही १-१ च, आणि मग पीएसजीच्या सफोनोव या रशियन गोलीने पेनल्टी शूटआउटमध्ये ओळीने चार पेनल्टी अडवल्या. ओळीने चार! असं मी कुठल्याही फायनलमध्ये पाहिलेलं नाही.

आता प्रश्न. १३ जुलैला न्यू जर्सीत चेल्सीने याच पीएसजीला ३-० हरवून ३२ संघांचा क्लब वर्ल्ड कप जिंकला, आणि चेल्सीवाले २०२९ पर्यंत जर्सीवर सोनेरी बिल्ला लावून खेळणार. पाच महिन्यांनी फिफाचाच दुसरा कप पीएसजीकडे. एकाच वर्षात दोन स्पर्धा आणि दोन विजेते, मग जगज्जेता क्लब म्हणायचं कोणाला?

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे इंग्लिश लीग बघणारे बरेच जण म्हणतात की युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली की झालं, तोच जगातला सर्वोत्तम क्लब, बाकी सगळं फिफाने पैशासाठी काढलेलं खूळ. मला हे अजिबात पटत नाही. जो क्लब दुसऱ्या खंडाच्या विजेत्यासमोर उभाच राहिला नाही तो जगज्जेता कशाच्या जोरावर? ही स्पर्धा टिकली पाहिजे आणि आपण ती मन लावून बघितली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं, आणि का?

शून्यशून्य | सकाळी ८:३२

सफोनोवला द्या कप, एकट्यालाच. वाद मिटला.

ऑफसाइड_ठाणे | सकाळी ९:०५

मध्यफळी, तुमची तळमळ कळते पण मी विरुद्ध बाजूचा. खेळाडूंचं काय? मँचेस्टर सिटीच्या रोद्रीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं की एवढे सामने असेच वाढत राहिले तर खेळाडू संपावर जाण्याच्या जवळ आलेत, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा गुडघा गेला, अख्खा सीझन वाया. मग याच उन्हाळ्यात क्लब वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये बायर्नच्या मुसियालाचा पाय मोडला. मे महिन्यात लीग संपते, जूनमध्ये पोरांना सुट्टी मिळायची, ती पण काढून घेतली. वर २०२६ ला देशांचा वर्ल्ड कप आहेच त्याच अमेरिकेत. फिफप्रो म्हणजे खेळाडूंची संघटना ओरडतेय, लीगवाले ओरडताहेत, आणि १ अब्ज डॉलरची बक्षिसं वाटताना फिफाला कोणाचंच ऐकू येत नाही.

आणि चुरस म्हणाल तर २०१२ नंतर एकदा तरी युरोपबाहेरचा क्लब जिंकलाय का? तेरा वर्षं झाली. निकाल आधीच माहीत असलेली स्पर्धा बघायला रात्रभर जागायचं कशाला?

कुपरेजचा_कठडा | सकाळी १०:४०

ऑफसाइड, तेरा वर्षं ही गोष्ट खरी आहे, पण त्याआधीची त्रेचाळीस पण बघा की. म्हणजे वर्षं नव्हे, सामने. १९६० ते २००४ मध्ये जुना इंटरकॉन्टिनेंटल कप त्रेचाळीस वेळा झाला. युरोपचा विजेता विरुद्ध दक्षिण अमेरिकेचा विजेता, एवढाच साधा प्रकार. शेवटी हिशोब झाला तो दक्षिण अमेरिका २२, युरोप २१. हे आजच्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही.

पहिल्याच वर्षी रेआल माद्रिद आणि उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओचा पेन्यारोल. तिकडे पावसात ०-०, इकडे माद्रिदमध्ये ५-१, पुश्काश आणि दि स्तेफानोचा तो संघ. पण १९६२ ला पेलेचा सांतोस लिस्बनला गेला आणि बेनफिकाला त्यांच्याच मैदानावर ५-२ ठोकलं, पेलेची हॅटट्रिक. १९८१ ला टोकियोत झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-०. तिन्ही गोल पहिल्या हाफमध्येच. काल फ्लामेंगोचे लोक कतारमध्ये गात होते ते त्या डिसेंबरबद्दलच असतं, चव्वेचाळीस वर्षं झाली तरी. १९८० ते ८४ सलग पाच वर्षं दक्षिण अमेरिकेने कप नेला: नासिओनाल, फ्लामेंगो, पेन्यारोल, ग्रेमियो, इंडिपेंडिएन्टे. ग्रेमियोसाठी १९८३ ला हॅम्बुर्गविरुद्ध दोन्ही गोल करणारा रेनाटो तोच, जो यंदा फ्लुमिनेन्सीचा कोच म्हणून क्लब वर्ल्ड कपच्या सेमीत पोचला.

आणि मध्यफळींच्या मूळ प्रश्नाला धरून अजून एक. या जुन्या कपाच्या सगळ्या विजेत्यांना फिफाने अधिकृत जगज्जेते मानलं ते २०१७ च्या २७ ऑक्टोबरला. आणि ती बैठक कुठे झाली? कोलकात्यात! अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल होती तिथे दुसऱ्या दिवशी, त्याच्या निमित्ताने फिफाची कौन्सिल आली होती. पेलेचा सांतोस जगज्जेता होता यावर शिक्का आपल्या देशात बसला, याचा मला फार आनंद आहे.

ऑफसाइड_ठाणे | सकाळी १०:५८

कोलकात्याचं माहीत नव्हतं, भारी. पण कठडा, त्या जुन्या कपावर युरोपचे क्लब येतच नव्हते हे पण सांगा ना. आयाक्स नाही म्हणाला, बायर्न नाही म्हणाला, लिव्हरपूल नाही म्हणाला.

पेठेतला_गोली | सकाळी ११:३०

का येत न्हवते ते पण सांगा की भावांनो. मार खायला कोण येतंय? १९६७ ची स्कॉटलंडचा सेल्टिक विरुद्ध अर्जेंटिनाचा रेसिंग वाचा. ब्यूनोस आयर्सकडं दुसरी मॅच सुरू व्हायच्या आधीच सेल्टिकच्या गोलीच्या डोक्यात कायतरी येऊन बसलं, राखीव गोली खेळवाय लागला. तिसरी मॅच माँटेव्हिडिओला, तिथं तर रेफ्रीनं दोन्हीकडची मिळून सहा पोरं बाहेर काढली. जिंकली रेसिंग १-० नं, कार्देनासचा लांबनं मारलेला गोल, काटा किर्र.

आता मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर लहानपणापासनं उभा राहून मॅच बघतोय. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस, शिवाजी विरुद्ध दिलबहार, पेठच्या पेठ उलटती. क्लब ही काय चीज असती ते आमाला कुणी शिकवाय नको. देशाचा संघ वर्षात चार वेळा खेळणार, क्लब आठवड्याला खेळतोय, गल्लीतला पोरगा त्यात असतोय. म्हणून क्लबांचा वर्ल्ड कप ही कल्पनाच मला लई आवडती. देश हारला तर दुख्ख, पण तालीम हारली तर त्या रात्री जेवण जात न्हाय.

कुपरेजचा_कठडा | दुपारी १२:१५

पेठेतले, बरोबर बोललात. त्या काळातला सगळ्यात वाईट प्रकार १९६९ चा. मिलान विरुद्ध अर्जेंटिनाचा एस्तुदियान्तेस. मिलानने घरी ३-० जिंकलं होतं, ब्यूनोस आयर्सला २-१ हरले तरी कप त्यांचाच. पण त्या दुसऱ्या सामन्यात मिलानच्या नेस्टर कोंबँचं नाक फोडलं, चेहरा रक्ताने माखलेला. हा कोंबँ मूळचा अर्जेंटिनात जन्मलेला, फ्रान्सकडून खेळायचा. सामन्यानंतर पोलिसांनी त्यालाच धरलं, का तर अर्जेंटिनाची लष्करी सेवा चुकवली म्हणून. पुढे एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगाची हवा खावी लागली आणि गोली पोलेट्टीवर तर आजन्म बंदी आली. पुढच्या वर्षी हॉलंडच्या फाइनूर्दचा योप व्हान डाले, चष्मा लावून खेळणारा गडी, त्याचा चष्मा मैदानात काढून तोडला, त्यानेच विजयी गोल केला होता.

म्हणून आयाक्सने १९७१ ला जायला नकार दिला. त्यानंतर कधी उपविजेते जायचे, कधी कोणीच नाही, १९७५ आणि १९७८ ला स्पर्धाच झाली नाही. गंमत बघा, १९७४ ला बायर्न गेला नाही म्हणून आत्लेतिको माद्रिद गेला आणि जिंकला. म्हणजे आत्लेतिको आजवर एकदाही युरोपचा विजेता झालेला नाही, पण फिफाच्या यादीत जगज्जेता आहे!

वाचवलं जपानने. १९८० पासून टोयोटाने पैसे लावले, तटस्थ मैदान, एकच सामना, टोकियो. दोन्ही खंडांतून लांब, कोणाचे गुंड नाहीत, सगळे शिस्तीत. तो काळ मला सगळ्यात आवडतो. १९८५ ची युव्हेंटस विरुद्ध अर्जेंटिनोस ज्युनियर्स जमेल तिथे शोधून बघा. प्लातिनीचा अप्रतिम गोल रेफ्रीने नाकारला तेव्हा तो गवतावर हाताला डोकं टेकवून आडवा झाला, रागावला नाही, नुसता पडून राहिला. आणि १९८७ ला पोर्तो-पेन्यारोल चक्क बर्फात.

फातोर्ड्याचो | दुपारी १२:५०

पोर्तोचो उल्लेख जाल्यार हांव येतलोच! आमच्या घरात आजोबा बेनफिकाचे आणि काका पोर्तोचे, त्यामुळे दोघांची भांडणं ऐकत मोठा झालो. १९६१ आणि ६२ दोन्ही वर्षी बेनफिका हा कप हरला, एकदा पेन्यारोलकडून आणि एकदा पेलेकडून, आणि पोर्तोने मात्र १९८७ पण जिंकला आणि २००४ चा शेवटचा पण, ओन्से काल्दासविरुद्ध पेनल्टीवर. काका दर ख्रिसमसला हे आजोबांना ऐकवायचे.

स्मिता_के | दुपारी १:२०

धागा वाचतेय, छान चाललाय, पण सगळे जण युरोप आणि दक्षिण अमेरिकेबद्दलच बोलताय! बाकी चार खंडांचं काय? खरं तर त्या जुन्या कपात आशिया-आफ्रिकेला दारच नव्हतं. कठडा म्हणतात तो सोन्याचा काळ, तो दोनच खंडांचा होता. मग त्याला जगज्जेता कसं म्हणायचं?

मला नव्या स्पर्धेतलं सगळ्यात आवडलेलं सांगते. ऑकलंड सिटी. न्यूझीलंडचा क्लब, खेळाडू नोकऱ्या करून खेळतात, कोणी शिकवतो, कोणी गोदामात काम करतो, सुट्ट्या टाकून अमेरिकेत गेलेले. पहिल्या सामन्यात बायर्नने त्यांना १०-० हरवलं आणि सगळीकडे थट्टा सुरू झाली की असले संघ घेताच कशाला. दुसऱ्यात बेनफिकाने सहा मारले. आणि तिसऱ्यात? बोका ज्युनियर्सशी १-१! क्रिश्चन ग्रे नावाचा डिफेंडर, शिक्षक व्हायचं शिकत असलेला, त्याने कॉर्नरवर हेडर मारला. बोका म्हणजे माराडोनाचा क्लब हो, आणि तो बोका घरी गेला. मी त्या रात्री दीडला एकटी हॉलमध्ये टाळ्या वाजवत होते. हे चॅम्पियन्स लीगमध्ये कधी घडेल? घडूच शकत नाही, कारण ऑकलंडला तिथे जागाच नाही.

शून्यशून्य | दुपारी १:२६

स्मिता, मग आधीच्या, दरवर्षी होणाऱ्या छोट्या क्लब वर्ल्ड कपमधलं २०१४ पण घ्या. हेच ऑकलंड मोरोक्कोत तिसरे आले होते, मेक्सिकोच्या क्रुझ आझुलला पेनल्टीवर हरवून. त्या वर्षी सेमीत सान लोरेंझोला जादा वेळेपर्यंत खेचलं होतं.

आणि २०१० चा टीपी माझेंबेचा गोली किडियाबा! गोल झाला की बसल्या बसल्या उड्या मारत पुढे सरकायचा. आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर त्या डिसेंबरात प्रत्येक गोलनंतर अख्खी टीम तेच करायची, पँटी फाटल्या पोरांच्या.

स्मिता_के | दुपारी १:४१

किडियाबा!! कसं विसरले मी. आणि नुसत्या उड्या नाहीत, काँगोच्या त्या क्लबने सेमीत ब्राझीलच्या इंटरनासिओनालला २-० हरवलं होतं. फायनलमध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून कोणी आलं ते तेव्हाच पहिल्यांदा. मग २०१३ ला कासाब्लांकाच्या राजा क्लबने रोनाल्डिन्योच्या आत्लेतिको मिनेरोला ३-१. २०१६ ला जपानच्या काशिमाने फायनलमध्ये माद्रिदला घाम फोडला, शिबासाकीचे दोन गोल, ९० मिनिटांना २-२ होतं, रोनाल्डोची हॅटट्रिक लागली माद्रिदला सुटायला.

रियाधवासी | दुपारी ३:१०

मी इथे रियाधमध्ये नोकरीला आहे, मूळ सांगलीचा. १ जुलैची पहाट विसरणार नाही. इथे सामना पहाटे चारला सुरू झाला, अल हिलाल विरुद्ध मँचेस्टर सिटी. आमच्या इमारतीत सगळ्या मजल्यांवर दिवे. सिटीने बरोबरी केली, हिलालने पुन्हा गोल मारला, सिटीने पुन्हा बरोबरी केली, असं करत जादा वेळेत मार्कोस लिओनार्दोने ४-३ केलं आणि रस्त्यावर हॉर्न सुरू झाले ते उजाडल्यावर पण चालूच. गोलकीपर बोनोने त्या रात्री जे काही अडवलं ते शब्दांत नाही सांगता येत. आधी माद्रिदशी पण १-१, त्यात पण शेवटच्या मिनिटांत बोनोने पेनल्टी अडवली होती.

लोक म्हणतील पैसा ओतलाय. ओतलाय, खरंय. पण हा क्लब आशियाचा विजेता चार वेळा झालाय आणि बराचसा या पैशाच्या आधी. आणि आमच्याबरोबर काम करणारे सुदानी, इजिप्शियन, केरळी सगळे त्या पहाटे एका टीमचे होते, कारण सिटीला हरवणारा कोणीतरी आशियातला होता. ऑफसाइड, निकाल आधीच माहीत असतो म्हणालात ना, तो सामना बघा एकदा पूर्ण.

बालेवाडीचा_बाक | दुपारी ३:५५

रियाधवासी, त्या अल हिलालला मी नवी मुंबईत पाहिलंय! ६ नोव्हेंबर २०२३, डी. वाय. पाटील स्टेडियम, आशियाई चॅम्पियन्स लीग, मुंबई सिटी विरुद्ध अल हिलाल. नेमार येणार म्हणून अर्ध्या पुण्याने तिकिटं काढलेली, आणि ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. तरी मित्रोविच, मिलिन्कोविच-साविच असली माणसं असलेला संघ होता. २-० ने हरलो. रियाधला तर ६-० हरलो होतो. पण नवी मुंबईत आपली पोरं लढली, आणि स्टेडियममधून बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी हेच, अरे आपण काही अगदीच हे नाही.

म्हणून १ जुलैला सकाळी साडेसहाला उठून सिटी-हिलाल बघितली तेव्हा माझ्या डोक्यात एकच, हा संघ आपल्या समोर खेळून गेलाय. मुंबई सिटी त्यावेळी मँचेस्टर सिटीच्याच मालकांच्या सिटी ग्रुपची होती, म्हणजे हिलालने आधी धाकट्या भावाला हरवलं आणि दीड-एक वर्षाने थोरल्याला. याला मी अंतर मोजायची फूटपट्टी म्हणतो: नवी मुंबईतला तो सामना ते सिटीला हरवणं यात नक्की किती अंतर आहे ते या स्पर्धेमुळे कळलं. नाहीतर कळलं असतं कसं?

पेठेतला_गोली | दुपारी ४:०५

बाक, कडक मुद्दा.

फातोर्ड्याचो | दुपारी ४:३०

यात आमचं गोंय विसरू नका. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळलेला पहिला भारतीय क्लब एफसी गोवा, २०२१, आणि सामने फातोर्ड्यालाच, पण कोविडमुळे प्रेक्षक नाहीत. घरापासून चालत जायच्या अंतरावर आणि टीव्हीवर बघायचं, काय वाईट वाटलं होतं सांगू. एदू बेदियाने इराणच्या पर्सेपोलिसला गोल मारला, भारतीय क्लबचा त्या स्पर्धेतला पहिला गोल. कतारच्या अल रय्यानला ०-० रोखलं. पुढच्या वर्षी मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून पहिला विजय मिळवला तो पण सांगितला पाहिजे, राहुल भेकेचा हेडर.

आणि याच ऑक्टोबरात अल नासर फातोर्ड्याला आला, रोनाल्डो आला नाही, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आमचा पोर. २-१ हरलो. आता विचार करा, भारतीय क्लबांना सध्या दुसऱ्या पायरीवरच खेळायला मिळतं, वरच्या एलिट स्पर्धेत थेट जागा नाही. आणि क्लब वर्ल्ड कपला जायचं तर आशियातून चारच जागा. त्यात यंदाची आयएसएल (इंडियन सुपर लीग) डिसेंबर उजाडला तरी सुरू झालेली नाही. खेळाडू सरावाशिवाय घरी बसलेत. मला त्याचा फार त्रास होतो.

जर्सीकर | संध्याकाळी ६:२०

न्यू जर्सीहून. मी इथल्या मेटलाइफ स्टेडियमला सेमी बघितली, चेल्सी-फ्लुमिनेन्सी, ८ जुलै, दुपारी तीनला. मंडळी, उन्हाचं काय सांगू, नागपूरच्या मे महिन्याची आठवण झाली. चेल्सीच्या एन्झो फर्नांडिसने नंतर सांगितलं की त्याला मैदानात चक्कर आली. सिनसिनाटीला तर डॉर्टमुंडचे राखीव खेळाडू पहिला हाफ ड्रेसिंग रूममध्ये बसून बघत होते, बाकावर बसणं शक्य नाही म्हणून. शार्लटला चेल्सी-बेनफिका सामना विजांमुळे जवळजवळ दोन तास थांबला. म्हणजे ऑफसाइड जे म्हणतात ते खोटं नाही. वेळा युरोपच्या टीव्हीसाठी आणि घाम खेळाडूंचा.

तिकिटांचं पण विचित्र. त्या सेमीचं तिकीट आधी ४७० डॉलरच्या वर होतं, सामन्याच्या तोंडावर १३ डॉलरवर आलं. मी आधीच घेतलं होतं. बऱ्याच शहरांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या. फायनलला मात्र ८१ हजार.

पण, आणि हे मोठं पण आहे, फ्लुमिनेन्सीचे लोक! ट्रेनमध्ये माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, रिओहून मुलाबरोबर आलेले, सगळ्या सामन्यांना. थियागो सिल्वा चाळिशीचा, गोली फाबियो चव्वेचाळीसचा, आणि या संघाने इंटर मिलानला २-० हरवून, हिलालला २-१ हरवून सेमी गाठलेली. मग चेल्सीकडून दोन्ही गोल कोणी मारावेत, तर जाओ पेद्रोने. फ्लुमिनेन्सीच्याच शाळेत वाढलेला पोरगा, चेल्सीने त्याच आठवड्यात घेतलेला. दोन्ही वेळा हात जोडून माफी मागितली त्याने, आनंद साजरा केला नाही. ते गृहस्थ त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला कळेना रडावं की काय.

ऑफसाइड_ठाणे | संध्याकाळी ७:००

जर्सीकर, बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. ज्याला घडवलं त्यांनीच, त्याच पोराने त्यांना हरवलं, कारण पैसा युरोपात आहे. मग ही स्पर्धा नक्की काय मोजते? खंडांचं फुटबॉल की बँकेतला पैसा?

कुपरेजचा_कठडा | रात्री ८:१५

ऑफसाइड, आता तुम्ही मुळावर आलात. २२-२१ वरून तेरा वर्षांच्या दुष्काळापर्यंत आपण कसे आलो त्याचं उत्तर १९९५ च्या डिसेंबरात आहे. बोस्मन निकाल. युरोपियन कोर्टाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपियन युनियनच्या खेळाडूंवर परदेशी म्हणून मर्यादा लावता येणार नाही. त्याआधी इटलीत, स्पेनमध्ये परदेशी खेळाडू मोजकेच चालायचे, त्यामुळे झिको, राई असली माणसं उमेदीची वर्षं ब्राझीलमध्येच खेळायची. १९९२ ला राईच्या साओ पावलोने क्रायफच्या बार्सिलोनाला २-१ हरवलं, ९३ ला मिलानला ३-२. १९९५ पासून २००४ पर्यंतच्या दहा सामन्यांत मात्र फक्त बोका दोनदा जिंकला.

आता तर सतरा-अठराव्या वर्षीच सौदा ठरतो. यंदाची पालमेइरास-चेल्सी क्वार्टर फायनल आठवा. पालमेइरासचा गोल एस्तेव्हाओने केला, आणि तो तेव्हाच चेल्सीला विकलेला होता! हरल्यावर त्याच क्लबात गेला.

पण म्हणूनच स्पर्धा हवी असं मी म्हणतो. युरोपचे क्लब एरवी हे सगळं शांतपणे घेऊन जातात आणि कोणाला दिसत नाही. इथे समोरासमोर दिसतं. आणि तरीही कधी कधी बोटाफोगो पीएसजीला १-० हरवतो, आठवतंय ना जूनमध्ये? चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये इंटरला ५-० उडवून आलेला पीएसजी, आणि इगोर जेझुसचा एक गोल. फ्लामेंगोने चेल्सीला ३-१ हरवलं. विजेत्याला त्या स्पर्धेत हरवणारा एकच क्लब, तो फ्लामेंगो. आणि काल त्याच फ्लामेंगोने युरोपच्या विजेत्याला पेनल्टीपर्यंत नेलं.

बालेवाडीचा_बाक | रात्री ८:२२

बाप रे, हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे २०२५ मध्ये फ्लामेंगो चेल्सीकडून हरला नाही आणि पीएसजीकडून १२० मिनिटांत हरला नाही.

शून्यशून्य | रात्री ८:२४

झालं, जगज्जेता फ्लामेंगो. सफोनोव, कप परत कर.

स्मिता_के | रात्री ९:१०

मुलींच्या फुटबॉलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. जानेवारीअखेर लंडनमध्ये महिला क्लबांची पहिली चॅम्पियन्स कप स्पर्धा आहे: आर्सेनल, न्यू जर्सीचा गोथम, ब्राझीलचा कोरिंथियन्स आणि मोरोक्कोचा एएस फार. यात आशियाचा प्रतिनिधी म्हणून चीनचा वुहान होता, तो आधीच्या फेरीत एएस फारकडून हरला. आणि याच वुहानसमोर नोव्हेंबरमध्ये आपल्या ईस्ट बंगालच्या मुली खेळल्या, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात. वुहानकडून २-० हरल्या, पण त्याआधी इराणच्या बाम खातूनला ३-१ हरवलं. पुरुषांपेक्षा आपल्या मुली या टेबलाच्या जास्त जवळ आहेत! गोथमचे सामने जर्सीकरांच्या गावालाच होतात, बघा कधीतरी जाऊन.

जर्सीकर | रात्री ९:३०

हॅरिसनला होतात, इथून जवळच. जाणार, मुलीला घेऊन जाणार.

ऑफसाइड_ठाणे | रात्री १०:१५

ठीक आहे, स्पर्धा नको हे मी मागे घेत नाही, पण हवीच असेल तर निदान अशी भरवा: दर चार वर्षांनी, सोळा संघ, प्रत्येक खंडाचे खरेखुरे विजेते, आणि त्या उन्हाळ्यात दुसरं काही नको. युरोपला १२ जागा कशाला? साल्झबुर्ग कुठल्या विजेतेपदावर आला? क्रमवारीच्या गुणांवर. तिकडे मेक्सिकोचा लेऑन खंडाचा विजेता असून बाहेर, का तर मालक स्पर्धेतल्याच पाचुका क्लबचाही म्हणून, आणि त्याच्या जागी लॉस एंजेलिस एफसी एक प्लेऑफ खेळून आत.

मध्यफळी | रात्री ११:०५

दिवसभर वाचतोय, सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफसाइड, सोळा संघांवर मी तुमच्याबरोबर सही करायला तयार आहे.

आणि कालच्या कपाबद्दल मला खटकणारी खरी गोष्ट आता लिहितो. फ्लामेंगो फायनलला पोचायला आधी क्रुझ आझुलशी खेळला, मग इजिप्तच्या पिरॅमिड्सशी. पिरॅमिड्स त्याच्या आधी ऑकलंडशी आणि जेद्दाहला जाऊन अल अहलीशी खेळून आलेला. आणि पीएसजी? थेट फायनल. एक सामना खेळायचा आणि कप न्यायचा. पाच खंडांचे विजेते आपसात झगडणार आणि युरोपचा विजेता वर बसून वाट बघणार, ही रचना मला अन्यायाची वाटते. सगळ्यांना एकाच फेरीपासून खेळवा, चिठ्ठ्या टाका, पीएसजीला सप्टेंबरमध्ये ऑकलंडला पाठवा. मग जो जिंकेल त्याला मी जगज्जेता म्हणेन आणि कुठलीही शंका काढणार नाही.

तोपर्यंत २०२५ चा जगज्जेता माझ्या मते चेल्सी, कारण ते सात सामने खेळले, फ्लामेंगोकडून हरले, तरी उठले आणि फायनलमध्ये पामरच्या दोन गोलांनी पीएसजीला पहिल्या हाफमध्येच संपवलं.

पेठेतला_गोली | रात्री ११:२०

चेल्सी न्हाय भावा, फ्लामेंगो. पीएसजीला ऑकलंडला पाठवायच्या ठरावाला मात्र अनुमोदन.

कुपरेजचा_कठडा | रात्री ११:४८

माझंही मत चेल्सीलाच. मध्यफळी, उद्या १९९२ च्या साओ पावलो-बार्सिलोनावर वेगळा धागा काढा, राईच्या त्या फ्री किकवर मला बरंच लिहायचंय.